चोपड्याहून कॉलेज टेनिसला: एका ऑफरचा पूर्ण हिशोब

जानेवारी २०२३ मधे माझ्या भाच्याच्या हातात अमेरिकेतल्या दोन कॉलेजांच्या टेनिसच्या ऑफर होत्या आणि घरात कोणालाच कळत नव्हतं की यातली कोणती घ्यायची. एक मोठ्या नावाचं प्रायव्हेट कॉलेज, दुसरं मिडवेस्टातल्या छोट्या गावातलं सरकारी, चारी बाजूला मक्याची शेतं. दोन्ही एनसीएएच्या, म्हणजे तिथल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, सगळ्यात वरच्या गटातली, डिव्हिजन वनमधली. त्यात त्याचा इथला कोच म्हणत होता की दोन्ही सोड, एक वर्ष थांब, रेटिंग वाढव, मग बघ कशी फुल स्कॉलरशिप मिळते ते. बारावीची परीक्षा महिन्यावर आलेली. मी जळगावला अकाउंटचं काम करतो, टेनिस मी जन्मात खेळलो नाही, पण पोरगा पाचवीपासून माझ्याकडे राहून खेळला म्हणून हा हिशोब माझ्याकडे आला. तेव्हा आम्ही जळगाव, धुळे, भुसावळ सगळीकडे विचारून पाहिलं, या वाटेनं गेलेलं आणि नीट सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून आता सगळं लिहून ठेवतोय, आकड्यांसकट, आमच्या चुकांसकट.

आधी घरचं सांगतो. दाजींची चोपडा तालुक्यात सहा एकर शेती, निम्म्यात केळी, निम्म्यात कापूस. ताई घर आणि शेत दोन्ही बघते. पोरगा टेनिसला लागला तो योगायोगानं, माझ्या घराजवळ एका क्लबचं सिमेंटचं कोर्ट होतं आणि तिथं सकाळी शिकवायचे. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा साडेपाचला कोर्टवर आणि आठच्या आत घरी, नंतर थेट सात वाजता संध्याकाळी. स्पर्धांना पुणे, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर, कधी इंदूर. शुक्रवारी रात्री रेल्वेत बसायचं, रविवारी हरला तर रात्री परत, सोमवारी शाळा. सोळा वर्षांखालच्या नॅशनल रँकिंगमधे नाव असायचं पण पहिल्या पन्नासात कधी नव्हतं, हे स्पष्ट लिहितो, कारण पुष्कळ पालकांना वाटतं की देशात पहिल्या दहात असल्याशिवाय हे होतच नाही. तसं नाहीये. तिथले कोच आपलं रँकिंग फारसं बघत नाहीत, ते यूटीआर बघतात, म्हणजे जगभरच्या सगळ्या खेळाडूंना एकाच पट्टीवर मोजणारं रेटिंग, १ पासून साडेसोळापर्यंत. आमचा पोरगा तेव्हा १०.९ होता. डिव्हिजन वनच्या वरच्या टीम्सना यापेक्षा बरंच जास्त लागतं, खालच्या टीम्समधे एवढ्यावर बोलणं सुरू होऊ शकतं.

बोलणं सुरू व्हायला मात्र पाच महिने गेले. सुरुवातीला एका मोठ्या शहरातल्या एजंटला भेटलो, त्यानं अडीच लाख मागितले आणि फुल स्कॉलरशिपची गॅरंटी दिली. मी विचारलं गॅरंटी लेखी देता का, तर विषय बदलला. मग आम्ही दोघांनीच मेल लिहायला घेतले. पहिले चाळीस मेल वाया गेले असं म्हणायला हरकत नाही, पान-पान भरून, सगळी सर्टिफिकेटं जोडून, आदरणीय सरांपासून सुरुवात. एकाचंही उत्तर नाही. नंतर त्याच्याबरोबर स्पर्धा खेळलेल्या पुण्याच्या एका मुलानं सांगितलं की कोच मोबाईलवर उभ्या उभ्या वाचतो, त्याला पाच ओळी पुरे: बारावी कधी संपते, यूटीआर किती, दहावीचे मार्क किती, वर्षाला घरचे किती पैसे भरू शकतात, आणि व्हिडिओची लिंक. व्हिडिओ पण गाणी लावून कापलेला नको, एक सेट जसाच्या तसा, चुका दिसू देत, दोन पॉइंटच्या मधे पोरगा कसा वागतो ते दिसू दे. मी क्लबच्या जाळीला मोबाईल बांधून काढला तो. पुढच्या तीसेक मेलमधून नऊ उत्तरं आली, तीन जणांनी व्हिडिओ कॉल केला, दोघांनी ऑफर दिली.

आता ऑफर म्हणजे काय ते समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून इथं थोडं थांबतो. त्या काळात डिव्हिजन वनमधे मुलांच्या टेनिस टीमला सगळ्या मिळून साडेचार स्कॉलरशिपच द्यायची परवानगी होती. टीममधे पोरं आठ ते दहा. म्हणजे कोच त्या साडेचारचे तुकडे करतो, कोणाला सत्तर टक्के, कोणाला वीस, कोणाला काहीच नाही. मुलींच्या टीमला मात्र आठ पूर्ण स्कॉलरशिप होत्या. हा फरक का, तर तिथं १९७२ चा टायटल नाइन नावाचा कायदा आहे, शिक्षणात मुलामुलींना समान संधी द्यायची, खेळही त्यात आले. मुलांच्या बाजूला एकट्या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या टीमला तेव्हा ८५ स्कॉलरशिप जायच्या, मग मुलींच्या बाजूचा समतोल बाकीच्या खेळांतून साधावा लागायचा. म्हणून मुलांच्या टेनिसला कमी, मुलींना जास्त. आपल्याकडे कोणी सांगितलं की अमक्याच्या मुलीला फुल मिळाली मग तुमच्या मुलाला का नाही, तर त्याचं उत्तर बऱ्याचदा हे असतं, पोरगा कमी पडला असं नसतं. डिव्हिजन थ्रीमधे तर खेळाची स्कॉलरशिपच नसते, तिथं मार्क आणि घरची परिस्थिती यावर मिळते.

तर आमच्या दोन ऑफर. मोठ्या कॉलेजनं ३५ टक्के देतो म्हटलं, छोट्यानं ४०. ऐकायला जवळजवळ सारखंच. घरात सगळे म्हणाले पाच टक्क्यांसाठी एवढं मोठं नाव कशाला सोडायचं, आणि मलाही दोन दिवस तसंच वाटलं. मग मी एक्सेल उघडून बसलो. मोठ्या कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च, फी, राहणं, जेवण, पुस्तकं धरून ७२,००० डॉलर. त्याचे ३५ टक्के म्हणजे २५,२०० गेले, उरले ४६,८००. तेव्हाच्या ८२ रुपयांनी अडतीस लाखांच्या वर. वर्षाला. छोट्या कॉलेजचा सगळा खर्च ३३,०००. त्याचे ४० टक्के १३,२००. शिवाय दहावी-अकरावीच्या मार्कांवर वेगळी ६,००० ची स्कॉलरशिप, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला जी जादा फी लावतात त्यातली ५,००० ची सूट. सगळं मिळून २४,२००, उरले ८,८००. म्हणजे सव्वासात लाखाच्या आत. त्यात हेल्थ इन्शुरन्स १,८०० डॉलर आणि जाण्यायेण्याचं विमान धरलं तर पावणेदहा लाखांपर्यंत.

या हिशोबातली मार्कांची स्कॉलरशिप मला फार महत्त्वाची वाटते. खेळाशी संबंध नसलेली, फक्त मार्कांवर मिळालेली रक्कम कोचच्या त्या साडेचारच्या कोट्यात धरत नाहीत. म्हणजे चांगले मार्क असलेला पोरगा कोचला स्वस्तात पडतो, तो त्याला ४० टक्के देऊन ७० टक्क्यांच्या पोरासारखा आणू शकतो. छोट्या कॉलेजच्या कोचनं पहिल्याच कॉलवर यूटीआरनंतर लगेच मार्क विचारले ते यासाठी. आपल्याकडे टेनिसची पोरं आठवीनंतर शाळा नावालाच ठेवतात, दिवसाला दोन सेशन मारतात. अभ्यासाचा वेळ कोर्टवर घालवून याचा यूटीआर अर्ध्या पॉइंटनं वाढला असता कदाचित, पण वर्षाला ६,००० डॉलर आले ते ताईनं जबरदस्तीनं बसवून करून घेतलेल्या अभ्यासातून आले.

दुसरा प्रश्न मी दोन्ही कोचला विचारला तो असा, की पहिल्या वर्षी हा कितव्या नंबरवर खेळेल. कॉलेज टेनिसमधे दोन टीम भिडतात तेव्हा सहा सिंगल्स आणि तीन डबल्स असतात, डबल्सचे तीनही सामने मिळून एक पॉइंट, सिंगल्सचे सहा, ज्याचे आधी चार होतील तो जिंकला. म्हणजे टीममधे दहा पोरं असली तरी सिंगल्सला सहाच उतरतात. मोठ्या कॉलेजच्या कोचनं प्रामाणिकपणे सांगितलं की पहिली दोन वर्षं आठवा-नववा असेल, सराव मस्त होईल. छोट्याचा कोच म्हणाला पाचवा ते सातवा, मेहनत केली तर खेळेल. मी पोराला विचारलं तुला काय हवंय. तो म्हणाला, मामा मला मॅच खेळायचीय. त्यावर पुढं काही बोलायचं राहिलं नाही.

राहिला तो एक वर्ष थांबायचा सल्ला. कोच वाईट हेतूनं सांगत नव्हता, त्याला वाटत होतं पोरानं आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या, म्हणजे आयटीएफच्या, १५,००० डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा खेळाव्यात, रेटिंग साडेअकराला न्यावं. पण तेव्हाचा डिव्हिजन वनचा टेनिसचा नियम असा होता की शाळा, म्हणजे आपल्याकडे बारावी, संपल्यापासून सहा महिन्यांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या संधीला कॉलेजात दाखल व्हायचं. तसं न करता स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजात खेळायच्या चार सीझनमधला एक कापला जातो, आणि वर पहिलं वर्ष बाहेर बसावं लागतं. म्हणजे ज्या स्पर्धा खेळण्यासाठी थांबायचं त्याच स्पर्धांमुळे नुकसान. हे मी नियमावलीतून दोनदा वाचलं, छोट्या कॉलेजच्या ऑफिसला मेल करून खात्री केली, मग कोचला दाखवलं, त्यालाही माहीत नव्हतं. हे नियम बदलत असतात, त्यामुळे ज्या वर्षी जायचं त्या वर्षीचा नियम त्या वर्षी बघा, माझ्या लिखाणावर जाऊ नका.

दाजींची शंका वेगळीच होती. त्यांनी कधी टेनिस पूर्ण बघितलेलं नाही, पण त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. म्हणाले, "पोऱ्या तठे शिकाले जाई राहिना का खेळाले?" कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की कॉलेजला गेला की खेळ संपला. मी त्यांना सोमदेव देववर्मनचं सांगितलं, व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ ला लागोपाठ एनसीएएचा सिंगल्स चॅम्पियन आणि नंतर भारताचा एक नंबर. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात होता, १९९५ ला तिथं डबल्स जिंकला. आणि आपल्या जवळची म्हणजे श्रीरामपूरची ऋतुजा भोसले, टेक्सास ए अँड एमला शिकली-खेळली, आणि २०२३ मधे हांगझोऊच्या एशियन गेम्समधे बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं सोनं आणलं, हे शेवटचं अर्थात नंतर घडलं पण तिचं कॉलेजचं उदाहरण तेव्हाही होतं. हे सांगून मी लगेच हेही सांगितलं की आपला पोरगा सोमदेव नाही आणि होईलच असं नाही. आपण जे पैसे टाकतोय ते डिग्रीसाठी, टेनिसमुळे ती डिग्री एक चतुर्थांश किमतीत मिळतेय. दाजींना हा हिशोब पटला. एप्रिलमधे नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे याच कॉलेजला येणार असं लिहून द्यायच्या कागदावर, पालकांची सही लागली, त्यांनी मराठीत केली, चालली. ते लेटर आता २०२४ मधे बंद झालंय, थेट स्कॉलरशिपच्या करारावर सही घेतात.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो नववीच्या प्रगतिपत्रकानं. एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर, म्हणजे खेळायची पात्रता तपासणारं ऑफिस, नववीपासून बारावीपर्यंतचे सगळ्या वर्षांचे मार्क मागतं, त्यातून १६ मूळ विषय मोजतं, इंग्रजी चार वर्षांचं, गणित तीन वर्षांचं वगैरे, आणि किमान २.३ चा जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी, लागतो. तिथल्या प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची अट मात्र २०२३ पासून काढून टाकली, तो एक ताप वाचला. आता याची नववी म्हणजे २०१९-२०. मार्च २०२० ला कोरोना आला, सरकारनं नववी-अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच रद्द केली. प्रगतिपत्रकावर पहिल्या सत्राचे मार्क आणि पुढं वर्गोन्नत असा शिक्का. दहावी २०२१, ती परीक्षा पण रद्द, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर, त्यातले शंभरातले पन्नास मार्क नववीवरून. अमेरिकेत बसलेल्या माणसाला हे कसं समजावून सांगणार? सेमी-इंग्लिश शाळा, प्रगतिपत्रक मराठीत, आणि आमच्याकडची प्रत तर पावसाच्या पाण्यात अर्धी गेलेली. शाळेत गेलो तर ज्यांच्याकडे रजिस्टर ते रजेवर, परत गेलो तर कपाटाची चावी नाही. पाच फेऱ्या झाल्या. शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतः बसून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून दिलं की त्या वर्षी परीक्षा शासनाच्या आदेशानं रद्द झाली होती, रजिस्टरवरून विषयवार मार्क काढून सही-शिक्क्यासकट दिले. मूळ मराठी प्रत, तिचं ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर आणि हे पत्र असं तिन्ही पाठवलं तेव्हा ते मान्य झालं.

गणिताचं आमचं नशीब. अकरावीला पोराला आर्ट्सला जायचं होतं, खेळायला वेळ मिळतो म्हणून, त्याच्याबरोबरची बरीच पोरं तसंच करतात. दाजी अडून बसले की सायन्सच घ्यायचं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पण आर्ट्सला गेला असता तर गणित दहावीलाच सुटलं असतं आणि तिसरं वर्ष भरलंच नसतं, तेव्हा हे सगळं प्रकरण एलिजिबिलिटीलाच अडकलं असतं. आम्हाला हे कळलं बारावीत. कळायला पाहिजे होतं दहावीत.

पैशांचं पण लिहितो कारण आपल्याकडे शेतकऱ्यांची पोरं इथंच अडतात. व्हिसासाठी आय-ट्वेंटी नावाचा कागद कॉलेज देतं, त्यासाठी पहिल्या वर्षाचा उरलेला खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवावं लागतं. दाजींकडे जमीन आहे पण खात्यात शिल्लक काय असणार, केळीचे पैसे येतात आणि खतात, मजुरीत, सोसायटीच्या कर्जात जातात. त्यात मे महिन्यात वादळ आलं की अर्धा बाग आडवा. एज्युकेशन लोनला गेलो तर बँक म्हणाली सातबारा तारण चालत नाही. मला आधी वाटलं की साहेब टाळतोय, पण त्याचं कारण कायद्यात आहे, थकलेल्या कर्जाची वसुली करायला बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून त्यांना बिनशेती मालमत्ता लागते. साडेसात लाखांच्या वर तारणाशिवाय होत नव्हतं आणि आम्हाला दोन वर्षांची तरतूद म्हणून वीस लाख हवे होते. माझा जळगावला एक बिनशेती प्लॉट होता तो ठेवला. बायकोला विचारून ठेवला, तिनं एका रात्रीत हो म्हटलं, हे मी विसरणार नाही.

२५ मेला बारावीचा निकाल लागला, ७९ टक्के. व्हिसाची तारीख जुलैत मिळाली, मुंबईला बीकेसीत. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची, फी ३५० डॉलर, व्हिसाची १८५. रात्रीच्या गाडीनं गेलो, मी बाहेर फुटपाथवर उभा. आत त्याला तीन प्रश्न विचारले, हेच कॉलेज का, पैसे कोण देणार, टेनिस नसतं तर गेला असतास का. त्यानं सांगितलं की मला कॉम्प्युटर सायन्स शिकायचंय, टेनिस नसतं तर गेलो नसतो कारण परवडलं नसतं. मला बाहेर आल्यावर हे कळलं तेव्हा छातीत धस्स झालं, पण व्हिसा मंजूर झाला होता. खरं बोलला ते बरं झालं.

ऑगस्टमधे गेला. पहिले दोन महिने फार वाईट. ताईनं बिबडे, कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी दिलेली, पीठ तसंच पडून राहिलं कारण होस्टेलला गॅस नाही. मॅचमधे तर आणखी गंमतच वेगळी, तिथं ड्यूसनंतर अॅडव्हांटेज नसतो, ४०-४० झालं की एकच पॉइंट, आणि मुलांच्या डिव्हिजन वनमधे सर्व्हिस नेटला लागून आत पडली तरी ती चालू धरतात, परत मारत नाहीत. शिवाय प्रेक्षक आणि दुसऱ्या टीमची पोरं पॉइंटच्या मधे ओरडत असतात. शांततेत खेळायची सवय असलेला पोरगा पहिल्या पाच मॅच हरला. फोनवर बोलायचा नाही. ताई रोज विचारायची, "काय खादं रे आज?" आणि तो म्हणायचा "बठ्ठं बरं शे". सीझनमधे आठवड्याला वीस तासांच्या वर सराव घ्यायचा नाही आणि एक दिवस सुट्टी द्यायची असा नियम आहे, पण प्रवास, जिम, फिजिओ, आणि कमीत कमी १२ क्रेडिटचा अभ्यास धरला तर दिवस पुरत नाही. मार्कांची स्कॉलरशिप टिकायला ३.० चा जीपीए लागत होता. पहिल्या सेमिस्टरला ३.१ आला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला.

डिसेंबरमधे कॉलेजच्या बिलात २९४ डॉलरचा टॅक्स दिसला, चोवीस हजारांच्या वर रुपये. स्कॉलरशिपवर टॅक्स कसला? शोधलं तर असं की फी आणि पुस्तकांपुरती स्कॉलरशिप करमुक्त, पण जेवढा भाग राहण्या-जेवणाला जातो तो उत्पन्न धरतात आणि एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याचा त्यावर १४ टक्के कापतात. आमच्या २४,२०० पैकी २०,००० फी-पुस्तकांत गेले, उरलेल्या ४,२०० चा अर्धा भाग त्या सेमिस्टरला, त्याचे १४ टक्के. बरोबर २९४. पण भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ प्रमाणे भारतीय विद्यार्थ्याला तिथल्या माणसासारखं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, २०२३ साठी ते १३,८५० डॉलर होतं, म्हणजे टॅक्स शून्य. पुढच्या वर्षी १०४०-एनआर, म्हणजे परदेशी माणसाचा तिथला टॅक्स रिटर्नचा फॉर्म भरला आणि पैसे परत आले. टीममधल्या दुसऱ्या देशांच्या पोरांना हा फायदा नव्हता. भारतीय पालकांनी हा फॉर्म सोडू नये, दरवर्षी भरावा. आणि आणखी एक, गावातल्या पिझ्झाच्या दुकानानं टीमच्या पोरांना इन्स्टावर एक रील टाकायचे दोनशे डॉलर देऊ केले, अमेरिकन पोरांनी घेतले, याला घेता आले नाहीत. खेळाडूंना नावावर पैसे घ्यायची परवानगी आता एनसीएएनं दिलीय पण एफ-वनवर तसं काम करणं व्हिसाला धोक्याचं. त्यानं आधी फोन करून विचारलं हे बरं केलं.

पहिल्या वर्षी सहाव्या नंबरवर अकरा मॅच खेळला, चार जिंकला.

मग मे २०२४ मधे कोच दुसऱ्या कॉलेजला निघून गेला. आम्ही एवढा सगळा हिशोब केला पण ही शक्यता कुठंच धरली नव्हती. ज्या माणसाशी सहा महिने बोललो, ज्याच्या शब्दावर प्लॉट ठेवला तो माणूसच गेला. स्कॉलरशिप एक-एक वर्षाची होती, नवा कोच आपली पोरं आणतो, टीममधले दोघं लगेच ट्रान्सफर पोर्टलमधे, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत गेले. भाच्याचा रात्री दोनला फोन, मामा मी पण पोर्टलमधे जाऊ का. मी म्हटलं दोन दिवस थांब. करार परत वाचला. नियम असा की पुढच्या वर्षी स्कॉलरशिप चालू आहे, कमी केली की बंद केली हे कॉलेजनं १ जुलैच्या आत लेखी कळवायचं, आणि कमी केली तर विद्यार्थ्याला सुनावणी मागता येते. शिवाय सूट आणि मार्कांची स्कॉलरशिप कोचच्या हातात नव्हतीच, त्या कॉलेजच्या. म्हणजे वाईटात वाईट १३,२०० जातील, २४,२०० नाही. पोर्टलमधे नाव टाकलं तर जुनं कॉलेज पुढची स्कॉलरशिप बंद करू शकतं, म्हणून आधी उत्तर येऊ द्यायचं असं ठरलं. त्यानं नव्या कोचला स्वतः मेल केला, उन्हाळ्यात काय सराव करतोय, दुसऱ्या सेमिस्टरला ३.४ जीपीए आहे, मला राहायचंय. २७ जूनला पत्र आलं, ४० टक्के कायम. ताईनं त्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या.

तरी दुसऱ्या वर्षी आमचा उरलेला आकडा वाढलाच. फी वाढली, टक्क्यातली स्कॉलरशिप तिच्याबरोबर वाढली पण मार्कांची ६,००० ठरलेली रक्कम होती ती तिथंच राहिली, आणि डॉलर ८२ चा ८४-८५ वर गेला. कोणी ऑफर घेत असेल तर टक्क्यात आहे की ठरलेल्या डॉलरमधे आहे हे लेखी विचारून घ्या, चार वर्षांत यातून लाखाचा फरक पडतो.

मार्च २०२५ मधली एक मॅच सांगतो. तिथं दुपारी दोन म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा. दाजींच्या शेतात त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, केळीला पाणी द्यायला ते मोटरपाशीच होते, मोबाईलवर लाइव्ह लावून बसलेले. स्कोअर ३-३, शेवटचं कोर्ट याचं, तिसऱ्या सेटमधे ५-५. मी जळगावला, ते चोपड्याला, फोन चालू पण दोघंही बोलत नव्हतो, फक्त मागं पाण्याचा आवाज. ७-५ ला हरला. टीम हरली. बराच वेळ दाजी गप्प, मग त्यांनी विचारलं, "आते पुढली मॅच कव्हय शे?" रविवारी आहे म्हटलं, तर म्हणाले रविवारी दिवसाची लाईट आहे, झोपून उठून बघू.

जून २०२५ मधे तिथल्या कोर्टानं एनसीएएची मोठी तडजोड मंजूर केली, हाऊस प्रकरण म्हणतात त्याला. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना आता साडेचारची मर्यादा नाही, त्याऐवजी टीममधे दहाच खेळाडू, मुलं असोत की मुली, आणि दहाही जणांना पूर्ण स्कॉलरशिप द्यायची मुभा. मुभा आहे, सक्ती नाही, आणि पैसा फुटबॉलकडे ओढला जातोय म्हणून काही कॉलेजांनी टेनिसच बंद केलं. याचं कॉलेज त्यात सामील झालेलं नाही, त्यामुळे याच्यासाठी जुनाच हिशोब चालू आहे. आता तिसरं वर्ष, चौथ्या नंबरवर खेळतो. कर्ज अजून तसंच आहे, आम्ही फक्त व्याज भरतोय, आणि प्लॉटचे कागद बँकेत आहेत.

धाकटी भाची यंदा नववीत आहे, सुट्टीत माझ्याकडेच खेळायला असते. तिच्या प्रगतिपत्रकाच्या शिक्का मारलेल्या दोन-दोन प्रती मी प्रत्येक सत्राला मागून घेतोय, एक चोपड्याला पत्र्याच्या ट्रंकेत आणि एक माझ्या ऑफिसच्या कपाटात.